बिरोबाच्या देवळाची दक्षिण भिंत

साहेब, तुम्ही भिंत चोरली.

दगड जाग्यावर आहेत, माती जाग्यावर आहे. त्यांच्यावर जे होतं ते तुम्ही नेलंत, आणि नेताना हातात पहार नव्हती, फाइल होती, म्हणून पोलीस आले नाहीत. तुमचं नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर उद्या तुमच्या जागी दुसरा येईल आणि म्हणेल, तो गेला, माझा काय संबंध. संबंध खुर्चीचा आहे. खुर्चीत जो कोणी बसला असेल त्यानं चहा बाजूला ठेवून हे पुरतं वाचावं.

मुळशीच्या धरणाच्या वरच्या अंगाला, डांबरी रस्ता जिथं दम टाकतो, तिथं सोळा घरांची धनगरवस्ती आहे. शेरडं, थोडी मेंढरं, नाचणीची चार वाफ्यांची रानं, आणि तेवढ्यात भागलं नाही की खाली उतरून मजुरी. वस्तीच्या डोक्यावर बिरोबाचं देऊळ. देवळाला कळस नाही, घंटा फुटकी. बघण्यासारखं एकच होतं, त्याची दक्षिणेकडची बाहेरची भिंत.

या वस्तीत माणूस मेला की त्याला जाळतात, तेरावं घालतात, सगळं चारचौघांसारखं. पण तेवढ्यानं तो जात नाही. भादव्यातली सर्वपित्री अमावास्या आली की त्या वर्षात गेलेल्याला दक्षिण भिंतीवर काढायचं. भिंत शेणमातीनं सारवलेली, वर गेरू. मेलेल्याची आई चुन्यात बोट बुडवून त्याला काढते. आई नसली तर बायको, तीही नसली तर बहीण. दिवसभर पोटात अन्न घ्यायचं नाही, आणि दिस बुडायच्या आत हात धुवायचे. माणूस म्हणजे काय, एक गोल, एक रेघ, चार काटक्या. पण जन्मभर त्याच्यापाशी जे होतं ते त्याच्या अंगाला लावून द्यायचं. कुणाच्या काखेत करडू, कुणाच्या कानाला रेडिओ, कुणाच्या डोक्यावर दुधाची चरवी. भिंतीवर गेला तो पोचला. नाही गेला तो उंबऱ्याशी ताटकळत राहतो, आणि त्या घरात कुणाला घास गोड लागत नाही. भिंतीवर जो आहे तो मेलेला, मेलेला जो आहे तो भिंतीवर. वस्तीचा कायदा एवढाच, आणि तो सरकारच्या आधीचा.

त्याला एक पोटकलम होतं. काढणाऱ्या हाताचं नाव घ्यायचं नाही. ‘मी काढला’ असं बाई बोलली की गेलेला हाक ऐकल्यासारखा माघारी वळतो. कुणी विचारलंच तर म्हणायचं, देवानं काढलं. या पोटकलमानं वस्तीचा घात केला.

झालं असं की तुमच्या खुर्चीतले, पर्यटन खात्याचे साहेब परदेशात जाऊन आले. रोमानिया नावाचा देश. सरकारी खर्चानं आठ दिवस मोटारीतून डोंगर हिंडले. तिथं ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांचे मठ आहेत, पाचशे वर्षांचे, आणि त्यांच्या भिंती बाहेरून चितारलेल्या. बर्फ खाल्लं, ऊन खाल्लं, तरी रंग शाबूत. लोक गाडी भाड्यानं घेतात, या मठावरून त्या मठावर जातात, मधे घाट, गवताच्या गंजी, जेवायला हॉटेलं. साहेबांच्या डोक्यात किडा वळवळला. मुळशीत घाट आहे, पाणी आहे, आणि खाली हिंजवडीत पगारदार माणसं आहेत, ज्यांना शनिवारचं काय करावं ते कळत नाही. उणीव होती फक्त चितारलेल्या देवळांची. ‘चित्रमंदिर मार्ग’ असं नाव आधी ठरलं, देवळं मागून शोधली. चार सापडली. पाचवं रानातलं, जुनं असं हवं होतं, म्हणून साहेब वस्तीवर आले. बरोबर हेमलता मॅडम, जुन्या चित्रांच्या जाणकार.

साहेबांनी लॅपटॉप दगडावर ठेवून सगळ्यांना मठ दाखवले. पुढंच बसला होता म्हसू. शेरडं राखणारा, पंचेचाळिशीचा, बोलायला कमी आणि बघायला जास्त. त्याची बायको भागूबाई बायांच्या घोळक्यात उभी. पोरगा सूरज, एकुलता, तो कामावर गेलेला. म्हसूनं बघितलं, निळीत बुडवून काढल्यासारखी भिंत, आणि तिच्यावर माणसंच माणसं. एक शिडी आभाळाला लावलेली. काही जण चढतायत, काही घसरून राक्षसाच्या जबड्यात चाललेत. एकीकडं विस्तवाची नदी, तिच्यात उघडी माणसं. म्हसूला ते लगेच उमगलं. वस्तीत एवढं चटकन कुणालाच उमगलं नव्हतं.

“ह्यातली समदी ग्येलेलीच हायेत न्हवं?” त्यानं विचारलं.

साहेब हसले. म्हणाले, “मामा, हे धार्मिक आहे.”

त्या दिवसभरात शहाणा प्रश्न तेवढा एकच झाला, आणि त्याचा निकाल असा लागला.

मग मॅडम भिंतीपाशी गेल्या. कुशाबा हा वस्तीतला सगळ्यात म्हातारा माणूस. त्याचा धाकटा भाऊ लूनावरून हिंडायचा, म्हणून त्याच्या बायकोनं त्याला लूनासकट काढला होता. दोन चाकं, मधे माणूस. मॅडमनी चष्मा वर करून सांगितलं की हे चंद्र-सूर्य आहेत, वीरगळावर कोरतात तसेच, म्हणजे हा कुणीतरी लढाईत पडलेला वीर. कुशाबाची भावजय मागं तोंडात पदर कोंबून उभी होती. तिचा वीर चंद्र-सूर्यावर बसून पौडच्या बाजाराला जायचा, आणि पडला तो नांदूरकीच्या झाडावर आदळून.

हे काढलं कुणी, मॅडमनी विचारलं. कुशाबा म्हणाला, “द्येवानं.” कधी? “पूर्वापार.” किती वर्षं झाली असतील? कुशाबानं जरा विचार केला आणि खरं तेच सांगितलं, “आमी जल्मायच्या आदीपासनं ही भित हाय.”

भागूबाई तिथंच होती. सहा वर्षांपूर्वी तिनं सासूला चरवीसकट काढली होती, सासूला ना आई उरलेली, ना बहीण, ना लेक, म्हणून सुनेनं. ती नखानं नख कुरतडत राहिली. सोळा घरांतल्या कमीत कमी अकरा बायांची बोटं त्या भिंतीवर फिरली होती, आणि अकराही जणी गप्प. खोटं कुणी बोललं नाही. कागदावर मात्र उतरलं: ‘सुमारे तीनशे वर्षांपूर्वीची, अनाम कलावंतांची लोकचित्रे.’

मग पाटी आली, दोरी आली. पाटीवर लिहिलं होतं, हात लावू नये, लावल्यास दंड. आणि म्हसूला नोकरी लागली. खाकी सदरा, टोपी, गळ्यात शिट्टी. साहेबांनी ताकीद दिली की भिंतीला कुणाचं बोट लागता कामा नये, बापाचंसुद्धा. म्हसूचा बाप काठी घेऊन त्याच भिंतीवर उभा होता. पण म्हसू ‘जी’ म्हणाला. वस्तीत आजवर कुणाला महिन्याचा पगार नव्हता. तो टोपी घालून शेरडांपुढं गेला तर शेरडं बुजली, आणि भागूबाई पोट धरून हसली. बरे दिवस होते ते. चार महिने टिकले.

खालच्या चांदे गावचा इंद्रजित शनिवार-रविवारी गाड्या घेऊन यायचा. जमीन विकून त्यानं तीन मोठ्या गाड्या घेतल्या होत्या आणि या मार्गाचा ठेका मिळवला होता. हिंजवडीच्या टॉवरांतून माणसं उचलायची, वाटेत चार देवळं, धरणाचा देखावा, कणसं, आणि शेवटी ही भिंत. इंद्रजित दर खेपेला नवी गोष्ट ठोकायचा. एकदा भिंत पांडवांनी काढलेली असायची, एकदा कुठल्या विधवा राणीनं. म्हसूनं एकदा त्याला विचारलं, लोकांना खोटं का सांगतोस. इंद्रजित म्हणाला, “मामा, खरं तुमाला तरी सांगता येतंय का?” म्हसूला येत नव्हतं.

श्रावणात सूरज मेला.

हिंजवडीत टॉवरांना बाहेरून रंग देण्याच्या कामावर होता तो. वरून दोर सोडतात, दोराला फळी, फळीवर बसून रंगाचा रोलर फिरवायचा. एकविसाव्या वर्षी एकोणिसाव्या मजल्यावरून आला खाली. ठेकेदारानं दोन माणसं पाठवली. सरण विझायच्या आत त्यांनी म्हसूची एका कागदावर सही घेतली. कागदात होतं की कमरेचा पट्टा मुलानं स्वतःच लावला नव्हता. म्हसूनं ते वाचलं नाही. वाचलं असतं तरी सही केली असती, कारण पुढ्यात लेक जळत होता आणि माणूस तेव्हा काहीही लिहून देतो.

भागूबाईनं तेराव्यापासूनच ठरवलं की त्याला कसा काढायचा. त्याच्या कानात कायम ती दोन पांढरी बोंडं असायची, गाणी ऐकायची. हाक मारली तर ऐकू जायचं नाही, मग ती खडा मारायची. ती दोन बोंडं आधी काढायची, मग डोकं. अंगणातल्या मातीत तिनं ते काडीनं काढून बघितलं, पुसलं, परत काढलं.

सर्वपित्रीला पंधरा दिवस उरले तसा म्हसू साहेबांच्या कचेरीत गेला. दोन तास बाकावर बसला, मग आत घेतलं. म्हणाला, पोराला भिंतीवर काढायचंय, रीत हाय. साहेबांनी फाइल काढली, अहवाल चाळला आणि सांगितलं की अशा कुठल्याही रीतीचा यात उल्लेख नाही. तीनशे वर्षांच्या चित्रावर आज एकाला बोट फिरवू दिलं तर उद्या जो तो उठेल. मग जरा मऊ आवाजात म्हणाले की सूरजचा फोटो मोठा करून घरात लावा, हार घाला, माणूस आठवणीत राहतो. म्हसूच्या जिभेवर आलं होतं की ती चित्रं आमच्याच बायांची हायेत. त्यानं ते गिळलं. बोललं तर बाप माघारी वळेल, आई वळेल, सगळी रांग वळेल.

अमावास्या रविवारी आली. त्या दिवशी साहेब स्वतः येणार होते, बरोबर मोठी माणसं घेऊन, पैसे मंजूर करणारी. म्हसूनं सकाळीच भागूबाईला सांगितलं की गाड्या जाऊ देत, मग काढ, मी दोरी वर धरतो. ती ‘बरं’ म्हणाली. दुपारी चुन्याची वाटी पदराखाली धरून ती देवळामागच्या दगडावर येऊन बसली. पाणीसुद्धा घेतलं नव्हतं तिनं.

गाड्या हिंजवडीच्या गर्दीत अडकल्या. तीनला यायच्या त्या साडेपाचला आल्या. पाहुणे उतरले, आळोखेपिळोखे दिले, भिंतीपुढं उभं राहून एकेकानं, मग जोडीनं, मग सगळ्यांनी मिळून फोटो काढले. एक बाई म्हणाली, सूर्य आणखी खाली येऊ दे, उजेड छान पडतो. मग सगळे सूर्य खाली यायची वाट बघत बसले. म्हसूही सूर्याकडं बघत होता. डोंगराला तो टेकायला हातभर राहिला, मग वीतभर.

भागूबाई उठली. कुणाला काही न विचारता दोरीखालून वाकून आत गेली आणि बोट चुन्यात बुडवलं.

साहेबांनी म्हसूकडं नुसतं बघितलं.

म्हसूनं शिट्टी वाजवली. स्वतःच्या बायकोवर, पोराच्या अमावास्येला. मग धावत जाऊन तिचं मनगट धरलं. वाटी पडली, चुना त्याच्या बुटावर सांडला.

चोवीस वर्षांच्या संसारात भागूबाईनं नवऱ्याला अरे-तुरे केलं नव्हतं. तिनं त्याच्या तोंडाकडं बघितलं.

“सोड,” ती म्हणाली. “दिस बुडतुया.”

“नोकरी जाईल, भागे.”

“पोरगं ग्येलं. नोकरी ऱ्हाऊ दे तुला.”

त्यानं सोडलं नाही. एक पाहुणी म्हणाली, बिचारी. इंद्रजित हळू आवाजात सांगत होता की हिचा मुलगा गेलाय, डोक्यावर परिणाम झालाय. एकाचा मोबाइल वर होता, त्यात सगळं उतरत होतं. म्हसूच्या मुठीवर ते बोट तसंच उभं होतं, चुन्यानं पांढरं, आणि डोंगराआड दिवस गेला. मग सोडलं. तिनं बोट पदराला पुसलं आणि खाली निघून गेली.

आठ दिवस ती घरात बोलली नाही. भाकरी थापायची, त्याच्या पुढं सरकवायची आणि दाराकडं तोंड करून बसायची, कुणी आत येईल म्हणून. नवव्या दिवशी म्हसू टोपी न घालताच साहेबांच्या कचेरीत गेला. हेमलता मॅडम तिथंच बसल्या होत्या. त्यानं बसायला सांगायची वाट बघितली नाही. वस्तीत कुणी कधी केलं नव्हतं ते त्यानं केलं.

“काठीवाला माजा बाप हाय,” तो म्हणाला. “माज्या आयनं काडलाय. चरवीवाली माजी आय, ती भागीनं काडली, चुना मी कालवून दिला हुता. रेडिओवाला बहिरू, त्येच्या बायकोनं. आन् त्ये चंद्र-सूर्य न्हाईत, मॅडम. लूना हाय.”

आणि त्यानं एकेक करून सगळी माणसं सांगितली, सगळ्या बाया सांगितल्या. सांगताना घामानं सदरा अंगाला चिकटला. मॅडमनी आधी लिहून घ्यायला पेन उचललं, मग लूनाशी आल्यावर खाली ठेवलं.

साहेबांनी उठून दार लावून घेतलं. परत खुर्चीत येऊन बसले. मग म्हणाले की तीनशे वर्षं वरपर्यंत गेलेली आहेत, पुस्तिकेत छापलेली आहेत, त्यावर पैसे आलेले आहेत. मग म्हसूला विचारलं, “म्हणजे हे जुनं नाहीच?”

“न्हाई.”

“मग जपायचं कशाला?”

म्हसू हरखला. वाटलं, सुटलो. “म्हंजे दोरी काडनार, साहेब?”

“दोरी काढणार,” साहेब म्हणाले.

साहेबांनी शब्द पाळला. तिसऱ्या दिवशी दोरी गेली, पाटी गेली. पाचव्या दिवशी टेम्पो आला. चार माणसांनी पत्र्याच्या पट्ट्यांनी भिंत खरवडली आणि वर पांढरी पुट्टी ओढली. दुपारच्या जेवणाआधी काठीवाला गेला, चरवीवाली गेली, लूना गेली. कुणी तीनशे वर्षांची खातरजमा करायला आलाच, तर बघायला काही उरायला नको होतं. कागदावर त्याला नूतनीकरण म्हणतात. म्हसूनं एका पोऱ्याचा हात धरला तर तो हिंदीत म्हणाला, काका, ऑर्डर है. म्हसूच्या गळ्यात शिट्टी होती. वाजवून बोलवायचं कुणाला?

बाया देवळापुढं येऊन उभ्या राहिल्या. एकही रडली नाही. कुशाबा म्हसूजवळ आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, “तू नावं घेतलीस. समदी माघारी वळली. आता बस.”

मग शहरातून चित्रकार आले. आधी भिंतीला निळा रंग, साहेबांनी परदेशात बघितला तसा. मधे आभाळाला लावलेली शिडी, शिडीवर मेंढरं. खाली एक धनगर हवा होता. त्यांनी म्हसूला उन्हात उभं केलं, घोंगडी दिली, चारी बाजूंनी फोटो काढले. त्याला वाटलं, ओळखपत्रासाठी असेल. त्यानं खिशातून सूरजचा आधार कार्डाचा फोटो काढून चित्रकाराला दिला, म्हणाला, ह्येला पन काडा कुटंतरी, कोपऱ्यात चालंल, कानात ती बोंडं तेवडी दावा. पोरगा चित्रकार तयार झाला होता. त्यानं फोन करून विचारलं. साहेबांनी सांगितलं की शेरडं राखणारा म्हातारा हवा, जीन्स घातलेलं पोरगं त्या चित्रात शोभत नाही.

दहा दिवसांत भिंत झाली. शिडीच्या पायाशी म्हसू, आठ फूट उंच, डोक्याला कधी न बांधलेला तांबडा पटका. पण तोंड हुबेहूब. डाव्या भुवईवरचा शिंगाचा व्रणसुद्धा.

भागूबाई शेरडं घेऊन वरून आली तेव्हा म्हसू भिंतीपुढंच उभा होता. तिनं भिंतीवरच्याकडं बघितलं, मग खालच्याकडं. पायरीवर बसली आणि एकेक करत दोन्ही हातांतल्या बांगड्या दगडावर फोडल्या. सावकाश, शेंगा फोडाव्यात तशा. मग पदरानं कपाळ पुसलं.

“भागे, मी हाय की,” म्हसू म्हणाला. “ही बघ. हाय मी.”

ती कुशाबाच्या भावजयीला म्हणाली, “भितीवं ग्येला त्यो पोचला. पोराच्या जागी त्योच जाऊन बसला.” आणि शेरडं हाकत घराकडं गेली.

तेव्हापासून ती दोन ताटं उंबऱ्याबाहेर ठेवते. एक सूरजचं, त्याला कावळा शिवत नाही. एक म्हसूचं. तो बाहेर बसून खातो आणि गोठ्यात झोपतो. वस्ती त्याच्या हातातून काही घेत नाही, त्याला देत नाही, कुणी नावानं हाक मारत नाही. मेलेल्याला हाक मारत नसतात. शनिवार-रविवारी तो खाकी सदरा घालून भिंतीपुढं उभा राहतो, आणि पाहुणे एकदा वर बघतात, एकदा खाली, आणि खूश होतात. इंद्रजित सांगतो, हे बघा, साक्षात.

मार्गाच्या रीतसर उद्घाटनाला साहेब आले तेव्हा म्हसू गाडीच्या खिडकीशी गेला. त्यानं विचारलं, साहेब, मी भितीवर हाय, घरात माजी बायकू रांडपण पाळती, आता मी कोन? साहेब म्हणाले, “मामा, तुम्ही तर अमर झालात.” काच वर गेली, गाडी खाली उतरली.

साहेब, काच खाली घ्या.

म्हसूला तुम्ही मेल्यांत घातलंत, ते तुमचं तुम्ही निस्तरा. विचारतोय ते दुसरंच. सूरज अजून उंबऱ्यात उभा आहे. येत्या भादव्यात भागूबाई परत उपाशी राहील, परत चुना कालवील, वाटी घेऊन निघेल. तिनं जायचं कुठं? कोणत्या भिंतीपाशी? पुस्तिका नको, हार घातलेला फोटो नको. दिस बुडायच्या आत त्या भिंतीचं नाव सांगा.